माझं "नको" आणि शैलाचं येणं

मैत्रिणींनो, आठवतंय? कॉन्व्हेंटात मधल्या सुट्टीत कुणी डबा पुढे केला की आपण आधी "नको" म्हणायचो, मग अर्धा संपवायचो.

आज माझ्या फोनमधल्या एआय मदतनीसाला शैलाच्या मदतनीसाचा निरोप आला: "उद्या ती कायमची मुलाकडे चाललीय. आज संध्याकाळी ती भेटायला आली तर चालेल का?" मी सवयीनं म्हटलं, "वाकडहून इतक्या लांब कशाला त्रास?"

तरी ती येणारच म्हणून संध्याकाळी वाट पाहिली. ती येईना, तेव्हा फोन केला.

"अगं, तुझ्या मदतनीसानं 'भेट नको' असं कळवलंय!"

"वेडे, मी नुसतं 'कशाला त्रास' म्हटलं."

"मग चहा ठेव, निघाले!"

आम्ही खिडकीशी बसलो. खालून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बस स्वप्नातल्यासारख्या सरकत होत्या.

आता मदतनीसाला सांगून ठेवलंय: विमावाल्यांना नकार कळव. मैत्रिणींना फक्त "ये" पाठव.