जमिनीवरचा वेग

माझी मुलगी फोन बंद करताना "चल आई, मुकते" म्हणते. गुजरातीत मूकवुं म्हणजे ठेवणं. सुरतेत वाढलेल्या आमच्या मराठी पोरांनी ते क्रियापद उचललं आणि त्याला मराठी शेपूट लावलं. मी दर वेळी सांगते, "मुकते नाही, ठेवते. मुकणं म्हणजे गमावणं." ती दर वेळी "हो बाई" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुकते. मी बत्तीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवलं, भाषा नाही. पण चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो, मग विषय कुठलाही असो.

ही मुलगी विमान चालवायला शिकत होती. लोकांना नवल वाटायचं, आणि मला त्यांच्याहून जास्त, कारण लहानपणापासून ती हळू. जेवायला तासभर, वेणीला तासभर. बारावीचं फिजिक्स दुसऱ्या खेपेला सुटलं. त्या वर्षी घरात आजारपण होतं, पण आजारपण कुणाच्या घरात नसतं, असं मीच तेव्हा म्हटलं होतं. तिच्या बरोबरीच्या मुली कुठल्या कुठे पोचल्या आणि ही रिंग रोडवरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसून राहिली. मी तिला गोगलगाय म्हणायचे. प्रेमानेच म्हणायचे, पण म्हणायचे. आणि मग सव्विसाव्या वर्षी या गोगलगायीने जाहीर केलं की तिला उडायचंय.

शिकायची जागा मिळाली ती खानदेशात. तिचे वडील तिकडूनच तापीबरोबर खाली सुरतेला आलेले. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये ओलं कापड गरम हवेत सुकवायच्या यंत्रावर ते आजवर नोकरी करत आलेत. ज्या वाटेने बाप आला त्याच वाटेने लेक उलटी गेली. ह्यांना त्याचं फार कौतुक.

नेव्हिगेशनच्या पेपराआधी ती आठवडाभर घरी आली होती. पुस्तक इंग्रजी, आणि मला वाटलं, आपण मराठीत नीट मांडून दिलं तर हिच्या डोक्यात लवकर शिरेल. जुन्या सवयीने वहीत उभी रेघ मारली. डावीकडे ट्रू एअरस्पीड, उजवीकडे 'खरा वेग'. त्याखाली ग्राउंड स्पीड, त्याच्यापुढे 'जमिनीवरचा वेग', आणि नीट कळावं म्हणून लिहिलं: विमान जमिनीवर असताना, धावपट्टीवर पळतं तेव्हाचा.

तिने वही वाचली आणि तोंडातला चहा बाहेर आला.

"आई, ग्राउंड स्पीड वर असतानाच बघायचा असतो. खालची जमीन किती भरभर मागे जाते, तो."

"मग दुसरा कसला?"

"तो हवेतून जायचा. विमान हवा कापत पुढे जातं ना, त्याचा. आता हवाच वाहत असली तर विमान तिच्यासोबत वाहणार."

"अगं, मग हे नावेचं गणित," मी म्हटलं. मला एकदम हायसं वाटलं. नाव आणि प्रवाह मी इतक्या वर्षांत किती वर्गांना शिकवला असेन. प्रवाहाच्या दिशेने जाताना बेरीज, विरुद्ध जाताना वजाबाकी. "स्थिर पाण्यातला वेग म्हणजे तुझा हवेतला, आणि काठावरून दिसतो तो जमिनीवरचा. एवढंच? याला एवढं जाडं पुस्तक?"

"एवढंच," ती म्हणाली.

पण मला ते एवढंच वाटेना. खरा कुठला, हे माझ्या डोक्यातून जाईना. तापीकाठच्या प्रकाशा गावाहून सुटलेली नाव सुरतेला किती वाजता लागली, हे खरं. पाण्याला मधे काय वाटलं ते कोण विचारतंय? मग जो पोचवतो त्या वेगाला नुसतं जमिनीवरचा म्हणायचं आणि जो कुणाला दिसतही नाही त्याला खरा? हे मी तिला तावातावाने विचारलं.

"विमानाला जमीन माहीतच नसते, आई. त्याला फक्त अंगावरून जाणारी हवा कळते."

हे शेजारी बसून भाकरी खात होते. ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "मना कापडले पिना धरतस. तिना इमानले कोन धरस?" त्यांच्या यंत्रात दोन्ही काठांना पिनांच्या साखळ्या असतात, कापड त्यांत अडकून पुढे सरकतं.

"हवाच धरते, पप्पा. पंखावरून जोरात गेली पाहिजे. पन्नासच्या खाली आलं की पंख धरत नाहीत, विमान पडतं."

तो पन्नास मी वहीत लिहिला आणि त्याखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या. मग ती म्हणाली की समोरच्या काट्यावर दिसतो तो वेग आणखी तिसराच असतो, कारण वर हवा विरळ. मी वही मिटली. तीन वेग आणि तिन्ही बरोबर, अशी उत्तरपत्रिका माझ्याकडे आली असती तर मी तिच्यावर शून्य काढलं असतं. ती त्या पेपरात पास झाली, बहुधा माझं शिकवलेलं विसरून.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिला एकटीला खानदेशातून सुरतेला यायचं होतं, इथे उतरायचं आणि परत जायचं. असं लांबचं एकटीचं उड्डाण झालं नाही तर पुढचं शिक्षण अडतं. एकदा धुळीमुळे तिला मधूनच परतावं लागलं होतं. आता पाऊस तोंडावर आलेला. हे राहिलं तर दसऱ्यापर्यंत थांबायचं, आणि तोवर बरोबरची मुलं पुढे निघून जाणार. "शंभरने येते बघ," ती आदल्या दिवशी म्हणाली होती. शंभर समुद्री मैल, तासाला.

ह्यांनी त्या दिवशी मिलमधून सुट्टी घेतली आणि विमानतळाच्या भिंतीबाहेर, डुमसच्या रस्त्याला जाऊन उभे राहिले. सोबत कळण्याच्या भाकरीचा आणि ठेच्याचा डबा. आत सोडणार नाहीत, तो तिच्या हातात पडणार नाही, हे मी तीनदा सांगितलं. ते म्हणाले, राहू दे. माझा गुडघा धरलेला, म्हणून मी घरी. माझ्यासाठी फोन होता. आकाशातली विमानं दाखवणारं एक ॲप मी त्यात घालून घेतलं होतं. पिवळं चिमुकलं विमान नकाशावर सरकायचं आणि त्याच्या बाजूला वेगाचा एक आकडा.

शंभरने एक तास पाच मिनिटं होतात. मी कॅलेंडरच्या कडेला पोचायची वेळ लिहून ठेवली आणि खुर्चीत बसले.

आकडा बहात्तर होता. मग अडुसष्ट. मग सत्तर. अर्धा तास झाला तरी सत्तरच्या वर जाईना. "गोगलगाय," मी एकटीच मोठ्याने म्हटलं. आकाशात गेली तरी हिची चाल सुधारली नाही.

मग नवापूरच्या पुढे, डोंगर येतात तिथे, आकडा उतरायला लागला. एकसष्ट. पंचावन्न. एकोणपन्नास. सत्तेचाळीस.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलंय आणि दर वेळी गोंधळते. मी सगळं विसरले होते असं म्हणता येत नाही. यातला एक वेग पडण्याचा आणि एक नुसता दिसण्याचा, एवढं आठवत होतं. पण समोरचा हा त्यांतला कुठला? खरा, जमिनीवरचा, काट्यावरचा, तिन्ही एकमेकांत कालवले गेले होते आणि वर फक्त दोन लाल रेघांचा पन्नास तरंगत होता. नाव आठवली नाही. तापी आठवली नाही. बत्तीस वर्षं पोरांना म्हटलं, आधी दिलेली माहिती नीट वाचा, आणि मी स्वतः फक्त आकडा वाचला.

तिचा फोन बंद. ह्यांना लावला. "इमान काही दिखत नही," ते म्हणाले, "पन आजून टाइम शे." मग मी फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावरून तिच्या शिकवणाऱ्यांच्या ऑफिसचा नंबर लावला.

"मी तिची आई बोलतेय. तिचा वेग सत्तेचाळीसवर आलाय. इंजिन बंद पडतंय तिचं."

"तुम्हाला कसं कळलं?" पलीकडचा माणूस म्हणाला.

"मला दिसतंय," मी वर्गातल्या आवाजात सांगितलं. त्या आवाजात सांगितलेल्या गोष्टीवर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. त्यानेही घेतली नाही. "थांबा" म्हणाला आणि फोन ठेवला.

मी फोन छातीशी धरून बसले. नंतर पाहिलं तेव्हा आकडा नव्वद होता. मग एकशे अठरा, मग एकशे बत्तीस. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. उठून देवापुढे साखर ठेवली आणि ह्यांना फोन केला. "वेग वाढला हो. मी वेळेवर कळवलं म्हणून झालं. आता धोका नाही, सुसाट निघालीय."

"पन ती कोठे शे?" ह्यांनी विचारलं.

तेव्हा मी पहिल्यांदा आकडा सोडून नकाशाकडे पाहिलं. पिवळ्या विमानाचं नाक खानदेशाकडे होतं. ती एकशे बत्तीसने सुरतेपासून लांब चालली होती.

हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मी आठेच उभा शे. फिरी उनी तं?" आणि ती परत आलीच तर म्हणून चार वाजेपर्यंत त्या भिंतीशी उभे राहिले.

तिचा फोन दुपारी चारला आला. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी सावकाश बोलत होती, एखाद्या कच्च्या मुलाला समजवावं तशी. बिघाड कळवला गेला म्हणून तिला रेडिओवर विचारलं. तिने सांगितलं, सगळं ठीक आहे. पण शंका आली की परत बोलवायचं, असा तिथला नियम. उड्डाण धरलं जाणार नाही.

"पण सत्तेचाळीस होता ना गं?" मी म्हटलं. मला खरोखरच कळत नव्हतं.

"तो जमिनीवरचा, आई. ढग टाळायला मी वर चढत होते. चढताना वेग कमीच ठेवतात, पंचाहत्तर. समोरून वारा अठ्ठावीसचा. वजाबाकी कर."

मी केली. सत्तेचाळीस. आठवीतल्या पोराने तोंडी सांगितलं असतं.

"आणि त्याआधीचे सत्तर?"

"शंभरातून वारा वजा कर. या दिवसांत वारा समुद्राकडून येतो. सुरतेकडे यायचं तर समोरूनच."

"मग परत फिरलीस तेव्हा एकशे बत्तीस कसे?"

"तेव्हा वारा पाठीवर होता. मी शंभरच होते." मग म्हणाली, "तो चढ सोडला तर मी सगळा वेळ शंभरनेच उडत होते, आई."

ती त्या सकाळच्या उड्डाणाबद्दलच बोलत होती, मला माहीत आहे. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नाही. पण मला तिची बारावी आठवली. त्या वर्षी माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. हे मिलमध्ये, मी पाचपर्यंत शाळेत. त्यांना कुशीवर वळवणं, भरवणं, चादरी धुणं हे दिवसभर कोण करत होतं, हा प्रश्न मी कधी स्वतःला घातलाच नव्हता, कारण उत्तर घरातच होतं. निकाल लागला तेव्हा मी फक्त गुणपत्रिकेवरचा आकडा पाहिला. त्यातून काय वजा झालं होतं ते पाहिलं नाही. मला लाज वाटली, आणि ती कशी सांगायची तेही सुचेना.

"आता परत कधी?" एवढंच मी विचारलं.

"दसऱ्यानंतर. नंबर लागला तर."

संध्याकाळी हे घरी आले आणि डबा ओट्यावर ठेवला. चपला काढताना फक्त म्हणाले, "कोठलोंग उनी व्हती?" मी नकाशावर नवापूरच्या पुढचे डोंगर दाखवले. त्यांनी तिथे बोट ठेवून सुरतेपर्यंतचं अंतर चिमटीत मोजलं आणि म्हणाले, निम्म्याच्या पुढे आली होती. मग ती भाकरी आम्ही दोघांनी खाल्ली.

खरा वेग कुठला, हे अजून कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. गणित येतं, पण सांगताना जीभ अडखळते. मला राहून राहून दुपारचा तो फोनच आठवतो. ती दसऱ्यानंतर म्हणाली तेव्हा मी कॅलेंडरची पानं उलटून दसरा शोधत होते. पलीकडे कुठलंसं इंजिन चालू झाल्याचा आवाज येत होता.

"चल आई," ती म्हणाली, "मुकते."

मी दुरुस्त केलं नाही.