नळीले हात लाव

"तूच ठेव डब्यात. मी हात लावणार नाही."

तालुक्याच्या दवाखान्यातला लॅबवाला असा बोलला. अख्खी रांग ऐकून राह्यली होती. सिस्टरबाईनं माझं रक्त काढून नळी त्याच्या टेबलावर ठेवली. यानं कागदावर आधी माझं आडनाव वाचलं, मंग एचआयव्ही वाचलं, अन् खुर्ची मागं सरकवली.

मले आठवा महिना. रक्तात विषाणू किती हाये ते मोजाले नळी नागपूरले जाणार होती. पोट्टं जन्मल्यावर त्याले कोणतं औषध द्याचं, किती दिवस, ते त्या आकड्यावर ठरणार होतं.

मी नळी उचलली. डब्यात आईसपॅक होते. थंड ठेवाची असन म्हणून दोन पॅकच्या मधात दाबून बसवली. कोणी सांगतलंच नाई, तर मले काय समजते?

पंधरा दिवसांनी रिपोर्टच्या जागी चिठ्ठी आली. नमुना खराब. अन् रजिस्टरात त्या लेकाच्यानं लिहून ठेवलं होतं, 'रुग्णाचे सहकार्य नाही.'

डॉक्टर माझ्यावरच भडकले. "बाळाची काळजी आहे का तुला?"

बापा! एक गोळी चुकवली नव्हती मी. धानाची रोवणी सोडून, चिखलाच्या पायानं घरी येऊन गोळी घेतली हाये.

बाहेर मी रडून राह्यली होती. सिस्टरबाई जवळ आली. "अवो बाई, बर्फाले लागून रक्त गोठते, फुटते. आधी मशीनमधी फिरवाचं, वरचं पिवळं पाणी वेगळं काढाचं, मंग थंड डब्यात. हे त्याचं काम हाये, तुमचं नाई."

माझं रडणं तिथीच थांबलं. अंगाची नुसती आग झाली.

दुसऱ्या दिवशी परत रक्त दिलं. त्यानं परत डब्बा माझ्याकडं सरकवला. तो मले तू म्हणे, मंग मी बी म्हटलं.

"हात लाव."

"काय?"

"हातमोजे घाल. दोन-दोन घाल. पण नळीले हात तूच लावशीन. मी इथून हालत नाई."

रांगेतून एक म्हातारी बोलली, "लाव ना बे!"

त्यानं लावला. दोन-दोन हातमोजे चढवून नळी मशीनमधी ठेवली. मशीन थांबून पिवळं पाणी वेगळं होईस्तोवर मी टेबलाले पोट टेकवून उभी राह्यली. मजा आली मले. खोटं काऊन बोलू?

रिपोर्ट आला. गोळ्यांनी विषाणू इतका दबला होता का मोजणीत सापडला नाई. तो कागद मी त्याच्याकडूनच सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घेतला. रजिस्टरातली ओळ त्याच्याच हातानं खोडाले लावली.

पोट्टी आता चालते. सिस्टरबाई म्हणते, तक्रार करा, बदली होईन त्याची. नाई. बदली नको, माफी बी नको. त्यानं इथीच राहावं. मी जित्ती हाये तोवर दर खेपेले माझी नळी त्यानंच उचलावी, अन् मी समोर उभी राहून पाहीन.