वीस प्लेटांची मोजणी

मुंजाजीच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला तो पहिला. एम.एस्सी.ला जाऊन जंतूंचा अभ्यास करणारा तर आसपासच्या पाच-सात गावांत दुसरा कुणी नव्हता. पालमच्या बाजारात कुणी विचारलं की त्याची माय सरजाबाई सांगायची, "लेकरू परभणीला डोळ्याला न दिसणारे किडे पाळायलंय." ऐकणारा हसायचा, तीही हसायची, पण सांगायचं सोडायची नाही.

होस्टेलला पहिल्या आठवड्यात त्याच्या खोलीतली दुसरी खाट रिकामीच होती. यादीत नाव आलेला पोरगा आडनाव वाचून दुसऱ्या खोलीत गेला होता. मुंजाजीला त्याचं नवल वाटलं नाही. मग एका सकाळी सोनपेठचा बन्सीधर ट्रंक डोक्यावर घेऊन दारात उभा राहिला. घरची बागायत, मोठा भाऊ गावचा पुढारी.

"घोरतोस का रे?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मग झालं." ट्रंक खाटेखाली सारून तो अंघोळीला निघून गेला.

तिथून दोघांची जोडी जमली. दीड वर्षात मुंजाजीनं त्याला गणितं समजावली, त्यानं मुंजाजीला सायकल शिकवली. दोनदा तो वस्तीवर येऊन राहिला, सरजाबाईच्या चुलीपुढं बसून गरम भाकरी खाल्ली. तो परतल्यावर ती म्हणाली, "बन्सीच्या जिवात खोट न्हाई." मुंजाजीलाही तसंच वाटत होतं.

अठ्ठ्याऐंशी सालचं शेवटचं सेमिस्टर हे प्रोजेक्टचं होतं. हुलसूरकर सरांनी दोघांना जोडीनं एक प्रयोग दिला. स्ट्रेप्टोमायसिन हे जंतू मारायचं औषध. पण कोट्यवधी जंतूंवर ते टाकलं तर दोन-चार मरत नाहीत, आणि त्यांचीच पुढं पिलावळ वाढते. सर म्हणाले, "हे दोन-चार औषध बघून बदलतात, की औषध यायच्या आधीच आपसूक बदलून बसलेले असतात? याचं उत्तर जगाला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. तुम्ही मात्र ते स्वतःच्या हातानं काढायचं."

रीत मुंजाजीला फार आवडली. वीस ट्यूब घ्यायच्या, प्रत्येकीत थोडेसे जंतू सोडून वाढू द्यायचे. मग एकेका ट्यूबमधला सगळा माल औषध घातलेल्या एकेका प्लेटवर पसरायचा आणि दोन दिवस इन्क्युबेटरच्या उबेत ठेवायचा. जगलेल्या प्रत्येक जंतूचा एक पांढरा ठिपका उठतो. बदल औषधामुळं होत असेल, तर विसांवर ठिपके साधारण सारखेच उठतील. पण बदल आधीच झालेला असेल, तर ज्या ट्यूबमध्ये एखादा जंतू लवकर बदलला तिथं त्याच्या लेकरा-नातवंडांनी प्लेट भरून जाईल, आणि शेजारच्या प्लेटवर एकही ठिपका नसेल. "म्हंजे आकडे जितके येडेवाकडे तितकं खरं," मुंजाजी म्हणाला. सरांनी मान डोलावली.

जानेवारी-फेब्रुवारी तयारीत गेले. लॅबमधले सितारामकाका प्लेटा वाफेवर निर्जंतुक करून द्यायचे, वापरलेल्या परत न्यायचे. वीज गेली की इन्क्युबेटर थंड पडायचा, दोनदा सगळं नव्यानं करावं लागलं. शेवटी मार्चमधल्या एका सोमवारी वीसही प्लेटा नीट पसरून झाल्या. बुधवारी संध्याकाळी मोजणी.

मंगळवारी सकाळी गावाकडचा माणूस निरोप घेऊन आला. सरजाबाई खळ्यावर पडली होती, पाय सुजला होता. मुंजाजीनं पिशवी उचलली.

"जा तू," बन्सीधर म्हणाला. "मी हाय ना. मोजून ठुतो."

"बुधवारीच मोज, गड्या. उशीर झाला की ठिपक्यावर ठिपके चढतेत."

"अरे, मला काय नवीन हाय का? मायकडं बघ जाय."

मुंजाजी वस्तीवर पोचला आणि दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून बंद पुकारला गेला. दोन दिवस एसटी निघाली नाही. अठ्ठ्याहत्तर साली याच वादात वस्तीला आग लावली तेव्हा सरजाबाईनं बारा वर्षांच्या मुंजाजीला घेऊन अख्खा दिवस ओढ्याच्या कपारीत काढला होता. तेव्हापासून बंद म्हटलं की ती लेकराला उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. पायाला हळदीचा लेप, आणि मुठीत मुंजाजीचं मनगट. शुक्रवारी गाड्या सुटल्या तेव्हा पालमहून गंगाखेड, गंगाखेडहून परभणी करत तो दुपारी पोचला.

बन्सीधर खोलीत होता. "मोजल्या," तो म्हणाला आणि घडी घातलेला कागद पुढं केला. "तुहं अक्षर चांगलं हाय, वहीत उतरून काढ."

मुंजाजीनं उतरवायला घेतलं. चौदा, सोळा, पंधरा, तेरा, सतरा, चौदा. आठव्या आकड्याला त्याचा पेन थांबला.

"बन्सी, सगळे सारखेच कसे आले रे?"

"आले तसे लिवले. मी काय करू?"

"प्लेटा कुठं हायेत?"

"काकाला देऊन टाकल्या. वास यायला होता."

मुंजाजीनं त्याच्याकडं पाहिलं. बन्सीधर उशीला अभ्रा घालत होता. दीड वर्षाच्या दोस्ताला खोटं कसं म्हणायचं? आपलंच काहीतरी चुकलं असेल, ट्यूब वेगळ्या करताना माल एकमेकांत मिसळला असेल, असं मनाशी म्हणत त्यानं वीसही आकडे वळणदार अक्षरात उतरवले आणि खाली तारीख टाकली, बुधवारची.

सोमवारी हुलसूरकर सरांनी वही उघडली आणि चष्मा काढून पुसला. आजूबाजूला वर्गातली आठ-दहा पोरं होती.

"हे आकडे मोजलेले नाहीत," सर म्हणाले. "हे टेबलाशी बसून लिहिलेले आहेत. कुणी मोजले?"

मुंजाजी काही बोलायच्या आत बन्सीधर बोलला. "सर, मी मंगळवारीच सोनपेठला गेलो होतो. बहिणीच्या सोयरिकीची बैठक होती. बंदमुळं अडकलो, थेट काल आलो. मोजणी मुंजाजीकडं होती."

मुंजाजीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तो बन्सीधरकडं बघत राहिला. बन्सीधर वहीकडं बघत होता.

"न्हाई सर. मी गावाकडं होतो. माय पडली होती. आकडे बन्सीनं दिले, मी निस्ते उतरले."

"कागद?"

कागद त्यानं टेबलाच्या खणात ठेवला होता. तो खोलीवर पळत गेला. खणात पेन्सिलीचे तुकडे होते, ब्लेड होतं. कागद नव्हता.

रिकाम्या हातानं परत आला तेव्हा सरांनी शांतपणे विचारलं, "बंदच्या दिवसांत तुम्ही नक्की गावाकडेच होतात ना? की मोर्चात?"

कुणीतरी मागं हसलं. मुंजाजीचे कान तापले. "गावाकडं होतो, सर."

"अक्षर तुमचं आहे. तारीख तुम्ही टाकली आहे." सरांनी पानावर तांबडी रेघ मारली. बन्सीधरनं मोजणीआधीच्या तयारीच्या कामावर अहवाल लिहून द्यावा, मुंजाजीनं पुढल्या वर्षी सेमिस्टर पुन्हा करावं, असा निकाल झाला. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटली आणि दुसऱ्या जोडीला बोलावलं.

खोलीवर बन्सीधर खाटेवर बसला होता. रडून डोळे लाल झालेले. मुंजाजी दारातच उभा राहिला.

"शुक्रवारी मी आलो तव्हा तू इथंच होतास. कागद तू दिलास. कामून असं केलंस?"

"सोयरिकीला गेलो होतो, ते खरं हाय. शुक्रवारी पहाटं भावाच्या गाडीवर आलो. प्लेटांवर बुरशी चढली होती, काय मोजू? वाटलं, कोण बघतंय."

"ते न्हाई इचारायलो. सरांपुढं मव्हं नाव कामून घेतलंस?"

 मग बन्सीधर अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मी नापास झालो असतो तर दादानं घरात उभं केलं नसतं. तू हुशार हाईस. एक साल गेलं तरी परत करशील. तुमा लोकांना सोसायची सवय असती, मुंजाजी. मला न्हाई."

त्यानं ते टोचून म्हटलं नव्हतं. कौतुक करावं तसं म्हटलं होतं. मुंजाजीला तेच सगळ्यात जास्त लागलं. सरांपुढचं खोटं भीतीपोटी बोललं असेल, हे कदाचित कधीतरी पचलं असतं. पण "तुमा लोकांना"? म्हणजे ट्रंक घेऊन आला त्या दिवसापासून ते त्याच्या मनात होतंच, मायच्या चुलीपुढं बसला तेव्हाही होतं. मुंजाजीनं गादी गुंडाळली आणि उरलेले दोन महिने एका लांबच्या पाहुण्याच्या ओसरीवर काढले.

गावाकडं त्यानं फक्त प्रोजेक्ट लांबला एवढंच सांगितलं. सरजाबाई लंगडत चुलीपाशी आली. "अन् बन्सी? त्याचं झालं का?"

"त्याचं झालं."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. त्यानं ताट पुढं सारलं.

पुढल्या जानेवारीत तो पुन्हा त्याच लॅबमध्ये उभा राहिला, या वेळी एकटा. एकदा वाफेचं यंत्र, ऑटोक्लेव्ह, उघडताना सितारामकाका वाफेतूनच म्हणाले, "त्या शुक्रवारी बन्सीधरनं प्लेटा मह्याकडं दिल्या. हिरव्यागार झाल्या होत्या. मोजल्या न्हाईत, मी पाह्यलं."

मुंजाजीच्या हातातली प्लेटांची जाळी तशीच राहिली. "मग काका, तव्हा कामून न्हाई सांगितलं?"

"मला कुणी इचारलं न्हाई." झाकण टेकवत ते म्हणाले, "अन् इचारल्याबिगर बोलायची मव्ही छाती झाली न्हाई. त्याचा भाऊ वळखीचा हाय सगळ्यांच्या."

मुंजाजीनं प्लेटा उचलून टेबलावर ठेवल्या. 

या वेळी त्यानं मोजणी संपेपर्यंत परभणी सोडली नाही. बुधवारी संध्याकाळी खिडकीपाशी बसून एकेक प्लेट उजेडात धरली, मोजलेल्या ठिपक्यावर मागून शाईचं टिंब दिलं. शून्य. शून्य. तीन. एक. शून्य. एकशे सात. दोन. शून्य. त्या एकशे सातवाल्या प्लेटकडं तो बघतच राहिला. गेल्या साली असंच काहीतरी उठलं असणार, आणि ते कुणी पाहिलंच नव्हतं.

हुलसूरकर सरांनी वही आणि प्लेटा दोन्ही तपासल्या. "बरोबर आहे," ते म्हणाले आणि सही केली. मुंजाजी उभाच राहिला. काकांनी सांगितलेलं त्यानं आदल्याच आठवड्यात सरांच्या कानावर घातलं होतं.

"आणखी काही?" सरांनी विचारलं.

"न्हाई, सर."

तो बाहेर आला.

पुढं त्याला पाणी तपासायच्या सरकारी लॅबमध्ये नोकरी लागली. काम चोख, बोलणं कमी. सोबतचे चहाला बोलवायचे, तो जायचा, पण घरी कुणाला आणायचा नाही. सरजाबाई म्हणायची, "तुहे दोस्त कामून येत न्हाईत रे?" तो म्हणायचा, "टायम न्हाई कुणाला."

विद्यापीठाला नाव मिळालं त्या वर्षी, चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात, गंगाखेडच्या स्टँडवर बन्सीधर भेटला. आता कृषी खात्यात साहेब होता, अंग सुटलं होतं. त्यानं गर्दीतून हाक मारली, धावत येऊन मिठी मारली आणि बायकोला म्हणाला, "हा मुंजाजी. मव्हा सख्खा भाऊच समज. ह्याच्यासारखा माणूस मिळायचा न्हाई." त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते.

मुंजाजीनं त्या डोळ्यांत नीट पाहिलं. बन्सीधर काहीच विसरला नव्हता, आणि तरीही त्याला माफी मागावी असं वाटत नव्हतं. त्याच्या लेखी ते मिटलेलं होतं.

"वहिनी, नमस्कार," मुंजाजी म्हणाला. "आमी एका लॅबमधी होतो."

"घरी ये की," बन्सीधर म्हणाला. "माय कशी हाय?"

"बरी हाय."

पालमची गाडी लागली होती. मुंजाजी चढला, पलीकडच्या बाजूची जागा धरली आणि कंडक्टर येईपर्यंत सुटे पैसे हातात घट्ट धरून बसला.