दोनदा शिकलेला प्रतिपालक

तंजावुरातल्या आमच्या गल्लीला तेव्हा दुसऱ्याच्या घरातली मुलं तीनच प्रकारची माहीत होती: दत्तक घेतलेली, कामाला ठेवलेली आणि सुट्टीला आलेली. आमच्याकडे आलेली सात वर्षांची मुलगी यातल्या एकाही खणात बसेना. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर आपल्या ओट्यावरून मला रोज हटकायचे, 'सर'चं तमिळ 'सार' करून.

"दत्तक घेतलीत की काय, सार?"

"नाही."

"मग कामाला?"

"छे छे!"

"पाहुणी?"

"तसंही नाही म्हणता येणार."

"अहो, मग आहे तरी कोण ती?"

पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं कारकुनी केलेला मी. प्रश्नाला उत्तर नसलं तरी जावक क्रमांक देऊन मोकळा होणारा माणूस. मी म्हणालो, "प्रकरण प्रक्रियेत आहे." पोस्टमास्तरांचं समाधान झालं. सरकारी माणसाला एवढं पुरतं.

खरं प्रकरण साधं होतं. मुलीची आई ओरत्तनाडुच्या पलीकडच्या एका खेड्यात भाताच्या शेतांवर मजुरी करायची. तिला क्षय झाला आणि तंजावुरच्या रुग्णालयात काही महिने राहावं लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं. बाप केव्हाच परागंदा झालेला. अशा मुलांना वसतिगृहात न टाकता, आई बरी होईपर्यंत एखाद्या कुटुंबात ठेवायचं काम गावातल्या एका संस्थेनं नव्यानं सुरू केलं होतं. माझी बायको शाळेत शिकवायची. तिला हे तिथं कळलं. आमचे दोन्ही मुलगे बाहेरगावी, एक मद्रासला नव्या कंप्युटरच्या नोकरीत, दुसरा त्रिचीच्या कॉलेजात. रंगीत टीव्हीला नुकतीच केबल आली होती. घरात माणसांपेक्षा चॅनेल जास्त झाले, असं बायको म्हणायची. तिनं विचारलं आणि मी हो म्हणालो. त्यात माझं एवढंच कर्तृत्व.

अशा पालकांना 'प्रतिपालक' म्हणतात, हे आम्हाला पहिल्या शनिवारी कळलं. मुलगी घरी पाठवण्याआधी संस्था चार शनिवार शिकवणी घ्यायची, एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर. माझे गुडघे बाकाखाली मावेनात. शेजारी इडलीची गाडी चालवणारी एक बाई होती, मागे सायकलदुरुस्तीवाला आणि त्याची बायको. शिकवणाऱ्या बाईंनी इंग्रजी टिपणं वाटली, त्यात मला दोन चुका सापडल्या. मी त्या उभा राहून दाखवल्या. मग बाई म्हणाल्या, "मूल बोलत नसेल तर त्याच्या गप्प बसण्याकडे लक्ष द्या." मी मनात म्हटलं, दोन मुलगे वाढवलेल्या माणसाला हे काय शिकवणार? उरलेल्या तीन शनिवारी मला कचेरीत अतिशय महत्त्वाची कामं निघाली. बायको चारही वेळा गेली. करारावर मी मात्र झोकात सही केली, न वाचता. दुसऱ्यांचे कागद वाचण्यात आयुष्य गेलं की स्वतःचा कागद वाचायचं राहून जातं.

आता माझ्या मुख्य पराक्रमाकडे येतो.

आम्ही तंजावुरचे मराठी. पूर्वज राजांबरोबर इकडे आले ते परत गेलेच नाहीत. आमची मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवली तर तो आधी हसतो, मग 'तुम्ही किती जुनं बोलता' म्हणतो. देवनागरी वाचणारा आमच्या नात्यात मी एकटा उरलो होतो. म्हणून माझ्या वडिलांनी घालून दिलेला नियम मी देवाच्या नैवेद्यासारखा सांभाळला होता: बाहेर काय हवं ते बोला, उंबऱ्याच्या आत मराठी. जेवताना कोणी तमिळ वाक्य बोललं की त्याच्या पानातला अप्पळम, म्हणजे पापड, उचलायचा. माझ्या मुलग्यांचे असे किती अप्पळम मी खाल्ले असतील! भाषा टिकली आणि माझं पोटही सुटलं.

मुलगी आली त्या दिवशी मी तिला दारातच तमिळमध्ये, अगदी प्रेमानं, नियम समजावला. म्हणालो, "आत आल्यावर आमच्या भाषेत मागायचं. मामा शिकवतो. पाणी. म्हण, पाणी."

ती म्हणाली, "पाणी."

"शाब्बास!" मी बायकोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. ती म्हणाली, "अहो, पोरगी आत्ता येते की घरात. तिला बसू तरी द्या."

"मूल लहानपणीच शिकतं," मी म्हणालो.

आमचे मुलगे नियम मोडत, पकडले जात, भांडत. ही पोर नियम पाळायला लागली. मराठी येत नव्हती आणि तमिळ बोलायचं नव्हतं. मग तिनं सोपा मार्ग काढला. उंबऱ्याच्या आत ती बोलेनाशीच झाली. मागच्या अंगणात तिचा आवाज ऐकू यायचा. ती धुण्याच्या दगडावर बसून नारळाच्या झाडाला सगळी हकिकत सांगायची. आत आली की तोंडाला कुलूप. मी पोस्टमास्तरांना सांगायचो, "फार शांत पोर आहे हो. त्रास म्हणून नाही." बायको मला बजावायची, "हे शांत राहणं बरं नव्हे. आम्हाला वर्गात सांगितलंय." मी म्हणायचो, "वर्गात सांगायला काय जातंय?"

महिन्यानं संस्थेची कार्यकर्ती मोपेडवरून आली. पंचविशीची, चष्म्यातून थेट बघणारी. मुलीला दिवाणखान्यात समोर बसवून तिनं तमिळमध्ये विचारलं, "जेवायला पोटभर मिळतं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. गप्प.

"शाळेत जातेस?"

पुन्हा माझ्याकडे पाहिलं. गप्प.

"कोणी रागावतं? मारतं?"

पोर माझ्याकडेच बघत राहिली, डोळे मोठे करून. आणि मी काय केलं? ती किती शहाणी आहे, पाहुण्यांसमोरही नियम मोडत नाही, या कौतुकानं मान डोलावली. कार्यकर्तीनं ती मान डोलावलेली पाहिली आणि वहीत काहीतरी लिहिलं. तिनं नेमकं काय लिहिलं हे आठ दिवसांनी आलेल्या पत्रातून कळलं. मूल प्रतिपालक-पित्याला घाबरते, त्याच्या इशाऱ्याशिवाय बोलत नाही. पंधरवड्यात तिला वसतिगृहात हलवावे.

ते वसतिगृह दुसऱ्या जिल्ह्यात होतं. बायको दर रविवारी टाउन बसनं मुलीला रुग्णालयात घेऊन जायची. आई व्हरांड्याच्या त्या टोकाला, मुलगी या टोकाला, मध्ये नर्सनं आखून दिलेलं अंतर. दोघी तिथूनच अर्धा तास बोलायच्या. वसतिगृहात गेली की हे रविवार संपले.

पत्र वाचून मी खुर्चीत बसलो तो उठलोच नाही. मग म्हणालो, "मी यांच्यावर वरपर्यंत अर्ज करतो! चार पानी!"

बायको आत गेली आणि शिकवणीची फाइल घेऊन आली. "अर्ज नंतर. आधी हे वाचा. तुम्ही सही केलेला करार आहे."

सहाव्या कलमात लिहिलं होतं: मूल हलवण्यापूर्वी प्रतिपालकांना आपलं म्हणणं समितीपुढे मांडण्याचा हक्क आहे. सातव्यात: सोबत दुसरे प्रतिपालक आणता येतील. त्याच्या वर, पाचव्यात: अडचण आल्यास केव्हाही संस्थेची मदत मागावी. महिनाभर माझ्या घरात अडचण पाटावर बसून जेवत होती, आणि मी तिला शांत पोर म्हणत होतो.

"तुला हे सगळं ठाऊक होतं?" मी विचारलं.

"मला होतं. पण घरातला नियम तुमचा." तिनं फाइल मिटली. "आणि मी तो मोडला नाही, ही माझी चूक. त्याला उत्तर मी देईन. तुमच्या वाटचं तुम्ही द्या."

समितीत तीन माणसं होती. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापिका, सुती साडी, हातात पेन्सिल. आमच्यामागे बाकावर इडलीवाली बाई आणि सायकलवाला येऊन बसले होते. इडलीवालीनं त्या दिवशीची गाडी बंद ठेवली होती. मी आभार मानायला गेलो तर ती बायकोकडे बोट करून म्हणाली, "सार, तुमच्यासाठी नाही आले. ह्या अम्मांसाठी आले. तुम्ही एकदाच तर आलात वर्गाला, बाईंच्या चुका काढायला." सायकलवाल्यानं खाली बघत हसू दाबलं.

मी खिशातून चार पानी निवेदन काढलं. 'मान्यवर महोदया, सविनय निवेदन की' एवढं वाचतो न वाचतो तोच मुख्याध्यापिकांनी पेन्सिल टेबलावर आपटली.

"कागद ठेवा. मूल का बोलत नाही ते सांगा."

मी सांगितलं. वडिलांचा नियम, उंबरा, अप्पळम, माझी ती डोलावलेली मान, सगळं. सांगता सांगता मला स्वतःलाच ते ऐकू यायला लागलं. आई डोळ्यांआड गेलेल्या पोरीकडे तिची म्हणून एकच गोष्ट उरली होती, तिची बोली. ती मी चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवायला लावली होती. हे असं मी तिथं बोललो नाही. एवढंच म्हणालो, "चूक माझी आहे. ती मला घाबरत नाही. ती माझं ऐकते. ते जास्त वाईट."

कार्यकर्ती पुढे झुकून म्हणाली, "सार, मला तरी कसं कळणार हे?"

"तुम्हाला कळायचं कारणच नाही, ताई. मला घरात राहून कळलं नाही."

मुख्याध्यापिका उठल्या, मुलीचा हात धरून तिला बाहेरच्या पायरीवर घेऊन गेल्या आणि स्वतःही पायरीवर बसल्या. दार उघडं होतं. आम्हाला ऐकू येत होतं.

"ह्या मामांची भीती वाटते तुला?"

"त्यांची?" पोर खुदकन हसली. "तेच पालीला घाबरतात. पाल दिसली की मामींना हाका मारतात. खुर्चीवर चढून."

आत इडलीवाली मोठ्यानं हसली. मी छताकडे पाहत राहिलो.

"मग तुला कुठं राहायचंय?"

माझ्या शेजारी बायकोनं पदराचं टोक मुठीत आवळलं होतं. मग पोर म्हणाली, "इथून अम्माकडे एकाच बसनं जाता येतं. मामी नेतात. अम्मा बरी होईपर्यंत मी इथंच राहते. पण घरात बोलू द्या."

मुख्याध्यापिका आत आल्या. बसल्या नाहीत. "ऐकलंत?"

"ऐकलं. उद्यापासून नियम बंद."

"उद्यापासून?"

"आत्तापासून," मी म्हणालो, तमिळमध्ये, पोरीकडे बघून.

निकाल असा लागला: मूल राहील, पहिले तीन महिने कार्यकर्ती दर आठवड्याला येईल, आणि प्रतिपालक-पित्यानं चारही शनिवारची शिकवणी नव्यानं, पहिल्यापासून करावी. हजेरी सक्तीची. तंजावुरात अशी शिक्षा झालेला पहिला माणूस मी असेन.

मी चारही शनिवार गेलो. पुढच्या बाकावर बसलो, गुडघे दुखवून घेतले. मुलाचं नाव बदलू नये, आणलेला जुना फ्रॉक फेकू नये, अम्मा-अप्पा म्हणायला लावू नये, त्याच्या आईबद्दल वाकडा शब्द काढू नये, आणि आपल्याला काही जमत नसेल तर लाजू नये, हे सगळं वहीत उतरवलं. टिपणांत आणखी एक चूक सापडली, पण तोंड मिटून बसलो. यालाही शिक्षणच म्हणायचं.

घरी पोरीनं तोंड उघडलं ते मिटलंच नाही. महिन्याभराचं साठलेलं असावं. जेवताना तिची तमिळ, आमची मराठी, दोन्हींचा काला. अप्पळम ज्याचा त्याच्या पानात. आणि गंमत अशी की सक्ती गेल्यावर ती बायकोच्या मागे मागे फिरून आपणहून मराठी उचलायला लागली. पहिलं वाक्य जमवलं तेही माझ्याविरुद्ध: "मामी, मामांनी साखर खाल्ली की!"

अकरा महिन्यांनी तिची आई बरी होऊन स्वतःच्या पायांनी आमच्या दारात आली आणि तिला घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी बायको संस्थेत जाऊन म्हणाली, आमचं घर रिकामं आहे. त्या बाईचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या दोन्ही मुलग्यांच्या निकालांचाही वाटला नव्हता. हे मुलग्यांना सांगू नये.

दरम्यान मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं होतं. करारात एक कलम वाढवायचं होतं आणि मसुदा करायला कारकून हवा होता. मी अर्धं पान लिहून नेलं, 'सबब' आणि 'उपरोक्त'च्या तोडीचे सगळे इंग्रजी शब्द घालून. बायकोनं पेन्सिलीनं खोडत खोडत एक ओळ ठेवली: मूल घरात कुठेही, केव्हाही, स्वतःच्या भाषेत बोलू शकेल. हे आठवं कलम. बावीस वर्षांत मी हजारो कागद तयार केले. कालव्याचं पाणी त्यातल्या एकानंही लवकर आलं नाही. हा एक कागद मात्र उपयोगाचा.

नव्या तुकडीच्या पहिल्या शनिवारी शिकवणाऱ्या बाईंनी मला मुद्दाम मागच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. त्यांनी आठवं कलम वाचून दाखवलं. पुढच्या रांगेतली एक तरुण बाई, कुंभकोणहून आलेली, नवऱ्याला कोपर मारून मोठ्यानं म्हणाली, "हे काय लिहून ठेवायची गोष्ट आहे? असं कोण मूर्ख करतो?"

मी उभा राहिलो आणि हात वर केला, चांगला उंच, सगळ्यांना दिसेल असा.