बिननावाच्या गोळ्या

नोकरीत किती गुन्ह्यांचा तपास केला, ते आता मोजताही येणार नाही. पण लातूरची ती दुपार आठवली की आजही मी हातातलं काम बाजूला ठेवतो.

मी तेव्हा शिकवणी वर्गांच्या भागातल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गल्लोगल्ली पोरंच पोरं. तक्रारीही तशाच: मोबाइल गेला, रूमवरून भांडण झालं, गाडी आडवी लावली. त्या दिवशी मेस चालवणारी एक मावशी हवालदाराला न जुमानता थेट माझ्या टेबलापर्यंत आली आणि तिने कागदाची एक पुडी पुढे टाकली.

"साहेब, माझ्या मेसची पोरगी उठंना. दवाखान्यात टाकून आले. परीक्षेच्या धास्तीनं झोप लागंना म्हणून ह्या गोळ्या खाल्ल्या म्हणं, एकीवर एक. डॉक्टर इचारायलेत गोळी कोणती. ह्याच्यावर तर नावच न्हाई!"

पुडीत पाकिटातून सुट्या कापलेल्या दोन-तीन गोळ्या होत्या. नावाची बाजू कात्रीने उडवलेली.

"आणल्या कुठून?"

"कोपऱ्यावरच्या मेडिकलातून. तिथं चिठ्ठी लागत न्हाई. समद्या गल्लीला ठाव हाय."

ठाव नव्हतं ते फक्त आम्हाला! मी दवाखान्यात फोन लावला. मुलीचा श्वास मंद पडत होता. नेमकं औषध कळलं तर त्यावरचा उतारा देता येईल, अंदाजाने दिलेलं अंगावर उलटूही शकतं, असं डॉक्टर म्हणाले. औषध निरीक्षकांना बोलावून घेतलं आणि दुकान गाठलं.

अशी गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि ती देताना दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर लागतो. कायदा एवढा सरळ आहे. मालकाने ऐटीत भिंतीवरच्या काचेकडे बोट केलं. काचेत एका बाईंचं फार्मासिस्टचं प्रमाणपत्र होतं.

"बाई कुठे आहेत?"

"जेवायला गेल्यात."

त्याला ठाण्यात आणल्यावर त्याच्या तोंडी त्याच बाई रजेवर गेल्या, आणि थोड्या वेळाने आजारी पडल्या. खोटं बोलणारा माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो, हे मी आयुष्यभर पाहिलं. हाही तसाच. पण गोळीचं नाव विचारलं की एकच पालुपद: "असला माल आमी ठेवतच न्हाई, साहेब." झडतीतही काही हाती लागलं नाही. माल त्याने आधीच हलवला होता. पोलिसी आवाज चढवून झाला, समजावून झालं. गडी ढिम्म. त्याला गुन्ह्याची भीती होती, पोरीची नव्हती. माझं मात्र अर्धं लक्ष दवाखान्याच्या फोनकडे होतं.

औषध निरीक्षकांकडून प्रमाणपत्रावरच्या बाईंचा नंबर मिळाला. राहायला नांदेडला, विष्णुपुरीकडे. प्रमाणपत्र भाड्याने लातूरच्या भिंतीवर आणि बाई नांदेडला आपल्या संसारात! ही पद्धत आमच्याकडे इतकी रुळलेली की तिच्यात कुणाला वावगं वाटत नसे. या बाई मालकाचीच री ओढणार, हे धरूनच मी आडवळणाने सुरुवात केली. त्यांनी मला मधेच तोडलं.

"साहेब, पोरगी जिती हाय का?"

"आहे. पण गोळीचं नाव हवंय."

"त्याचा फोन येऊन गेला. पोरीची मैत्रीण दुकानात विचारायला आली तवाच तो घाबरला. 'आज मीच दुकानावर होते, असलं काही दिलं नाही, असं सांगा' म्हणला. काय दिलंस ते आधी बोल, म्हणून मी अडून बसले. तवा सांगितलं त्यानं." आणि त्यांनी औषधाचं नाव घेतलं, किती ताकदीची गोळी तेही सांगितलं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, हे बोललात तर तुमच्यावरही कारवाई होईल. नोंदणी जाऊ शकते."

"हाव, माहीत हाय. मी त्या दुकानात एक दिवस बसले न्हाई. पण आधी डॉक्टरला सांगा, माझं मागून लिहा."

फोन ठेवला आणि लगेच डॉक्टरांना लावला. नाव दवाखान्यात पोचलं, उपचार सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीने डोळे उघडले. बाईंनी गोळीचं नाव फोडल्याचं कळल्यावर मालकानेही सगळं कबूल केलं. माल त्याच्या मेव्हण्याच्या घरी सापडला.

बाई समन्सची वाट न पाहता एसटीने लातूरला आल्या. तोवर मला वाटे, माणूस खरं बोलतो ते पुरावा समोर ठेवल्यावर, नाहीतर सुटायची वाट दिसल्यावर. या बाईंसमोर पुरावा नव्हता आणि सुटायची वाट तर मालकाने आयती तयार करून दिली होती. त्यांनी ती घेतली नाही. अशा धैर्यापुढे वर्दीतला माणूसही लहान होतो, आणि मला तसं लहान होण्यात आनंदच वाटला. पुढे त्यांची नोंदणी निलंबित झाली. त्यांनी तक्रार केली नाही.

जबाब देऊन त्या बाहेर आल्या, तेव्हा मुलीचे वडील व्हरांड्यात उभे होते. उदगीरकडचे, डाळ मिलमध्ये काम करणारे. ते त्यांच्या पाया पडायला वाकले.

बाई झटकन मागे सरल्या. "नका, दादा," त्या म्हणाल्या, "मी जागेवर असते तर ती गोळी तिला मिळालीच नसती."