भाऊजींचा साबुदाणा

पंगतीत बसलं की आमचे भाऊजी आधी वाटी तिरपी करायचे. वरण असो की बासुंदी, ते कोणत्या क्षणी सुटतं हे पाहून मगच पहिला घास. वाढपी ताटकळत. मी त्यांचा मेहुणा, शेजारच्या पाटावर. ओळख नसल्यासारखा जिलबीकडे पाहत राहायचो.

ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. मी त्याच विषयात दोनदा नापास, त्यामुळे त्यांचं संशोधन मलाच कळेल असं घरात ठरलेलं. नागपूरला त्यांच्या नंदनवन भागातल्या घरी एका मोठ्या डब्यात दुसरा लहान डबा, मधल्या फटीत भिजून फुगलेला साबुदाणा. लहान डब्याला दोरा गुंडाळून टोकाला वजनं टांगायची. थोड्या वजनाला डबा ढिम्म. आणखी एक लावलं की साबुदाणा एकदम सैल, डबा गरगर.

"दाणे मऊ असतात गा, एकमेकांले दाबून अडून राहिले," ते म्हणत. "जोर लावला तं वाहते. थांबलं का बसलं."

पाणी किती कमी केलं की किती जोर लागेल, याचा एक नियम त्यांना हवा होता. त्यावरच त्यांची डॉक्टरेट अडलेली. पण नागपूरच्या उन्हात साबुदाणा दुपारपर्यंत आंबायचा आणि कालचं मोजमाप आज जुळायचं नाही.

एका चतुर्थीला त्यांच्या आईने तो डब्यातला साबुदाणाच परतून खाल्ला. ताईचा चेहरा उतरला. भाऊजींनी एवढंच विचारलं, "खिचडी मोकळी झाली का चिकट, माय?"

"गोळा झाला रे."

"म्हणजे पाणी जास्त झालं," म्हणत त्यांनी नवा भिजत घातला.

प्रबंध परत आला. पुन्हा लिहिला, पुन्हा आला. मग एक दिवस त्यांचं अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. पाणी पाजलं की ठसका, घट्ट दिलं की घशात अडकायचं. डॉक्टर म्हणाले, साबुदाण्याची पेज द्या. एरवी मी हसलो असतो.

पेज वाटीत जरा राहिली की थिजायची. भाऊजी चांगल्या हाताचं बोट गोल फिरवायचे. ताई ढवळायची, पेज सैल व्हायची, चमचाभर कसाबसा आत जायचा. तोही हळूहळू ओठांवरून परत येऊ लागला.

त्या सकाळी बोट उठलं नाही. मला नाडीतलं काही कळत नाही, तरी कळलं. ताई वाटी ढवळतच होती.

"ताई, ठेव वं आता."

"काहून?" ती वर न पाहता म्हणाली. "थांबलं का बसते गा."