नकाशे ढगात गेले तेव्हा

ऑफिसात तिला सगळे दुबारताई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नसे. कुलूप लावून निघाली की चार पावलांवरून परत येऊन ओढून बघायची. फोन ठेवला की "नीट ऐकू आलं ना?" विचारायला पुन्हा फोन करायची. नवरा म्हणायचा, "लग्नालासुद्धा हिने दोनदा होकार दिला." ती शांतपणे सांगायची, "पहिल्यांदा तुम्ही ऐकलंत की नाही, तेच कळलं नव्हतं."

ती एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. शाळा, दवाखाने, गोदामं, सगळ्यांचे नकाशे जिन्याखालच्या खोलीत एका सर्व्हरमध्ये साठवलेले असत. सर्व्हर म्हणजे दिवसरात्र घरघरणारा एक जाडजूड कॉम्प्युटर. बाकीचे सगळे कॉम्प्युटर वायरींनी त्याला जोडलेले. त्याची देखभाल कुणी तिच्यावर सोपवली नव्हती, पण धूळ तीच पुसायची, खोलीतला एसी चालू आहे ना हे तीच बघायची, आणि घरी जाताना दिवसभराच्या कामाची एक प्रत छोट्या डिस्कवर घालून पर्समधून घेऊन जायची.

एका उन्हाळ्यात तो एसी बंद पडला आणि सगळे जेवायला बसलेले असताना सर्व्हर तापून मेला. तिच्या डिस्कमुळे बरंच वाचलं, पण त्या सकाळचं काम गेलं ते गेलंच. साहेबांनी ठरवून टाकलं, "आता हे लोढणं गळ्यात नको. सगळं क्लाउडवर."

एक माणूस आला, त्याने तिच्या डिस्कवरचे नकाशे क्लाउडवर हलवले, स्क्रू काढले आणि रिकामा डबा उचलून नेला. त्या खोलीत बादल्या आणि झाडू आले.

तिला मात्र चैन पडेना. नकाशे पडद्यावर पूर्वीसारखेच उघडत होते, उलट जरा लवकरच. पण आहेत कुठे? तिने साहेबांना विचारलं.

"क्लाउडवर, ताई."

"ते कळलं. पण क्लाउड कुठे?"

साहेबांनी हात वर करून छताकडे कुठेतरी दाखवलं आणि फोन घेतला.

तिचा धाकटा भाऊ अशाच एका मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये जनरेटर सांभाळायचा. रविवारी तो चहाला आला, तशी ती हात धुऊन त्याच्या मागे लागली.

"ढगबिग काही नाही गं ताई," तो म्हणाला. "दुसऱ्याचे कॉम्प्युटर, भाड्याने घेतलेले. एका इमारतीत असे हजारो असतात. वीज त्यांची, एसी त्यांचा, पहारा त्यांचा. तुम्ही इंटरनेटवरून वापरायचं आणि जेवढं वापराल तेवढं भाडं भरायचं. काम वाढलं तर जागा वाढवून घ्या, कमी झालं तर सोडून द्या. घरची विहीर बुजवून नळ घेतल्यासारखं आहे."

"आणि तिथलं यंत्र बिघडलं तर?"

"रोजच बिघडतात. म्हणून तर एकाच गोष्टीच्या प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवतात. पैसे मोजले तर निरनिराळ्या गावांतसुद्धा."

तेवढ्यापुरतं तिचं समाधान झालं. पण दोन दिवसांत पुन्हा डोक्याला भुंगा लागला. हातात काही नाही म्हणजे काय? शेवटी तिने घरच्या लॅपटॉपवर तो क्लाउडचा प्रोग्रॅम बसवून घेतला. ऑफिसचे सगळे फोल्डर घरात दिसायला लागले, तेव्हा कुठे तिला जेवण गेलं.

पुढच्या रविवारी नवऱ्याला बहिणीशी व्हिडिओवर बोलायचं होतं आणि लॅपटॉप म्हणे जागा शिल्लक नाही. नवरा डोक्यावर उभा. तिने एक जुना, भलामोठा फोल्डर निवडून काढून टाकला. काढताना पडद्यावर काहीतरी सूचना आली होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिने ती दुसऱ्यांदा तर सोडाच, एकदाही धड वाचली नाही.

सोमवारी ऑफिसात गडबड उडाली होती. दवाखान्याचे नकाशे नाहीत. कुणाच्याच कॉम्प्युटरवर नाहीत. दुपारी दवाखान्याचे लोक ते बघायला येणार होते. साहेब क्लाउडला, इंटरनेटला आणि त्या स्क्रू काढणाऱ्या माणसाला शिव्या घालत फिरत होते. तिने फोल्डरचं नाव ऐकलं. काल घरी काढून टाकलेला तोच. ती उठून थेट बादल्यांच्या खोलीत गेली आणि दार लोटून भावाला फोन लावला.

"मी घरचं काढलं रे. ऑफिसचं कसं गेलं?"

"घरचं आणि ऑफिसचं वेगळं नाहीच ताई. फोल्डर एकच, खिडक्या अनेक. एका खिडकीतून उचललंस तर दुसऱ्या खिडकीतून कसं दिसेल?"

"तू तर म्हणालास, प्रती असतात."

"त्या यंत्र बिघडलं तर. तू स्वतःच काढून टाक म्हटल्यावर त्या सगळ्याच पुसल्या जाणार. बरं, रडू नकोस. तुमच्या क्लाउडमध्ये कचरापेटी असेल. काढलेलं काही दिवस तिथे पडून राहतं. वेबसाइटवर जाऊन बघ."

जागेवर येऊन तिने पेटी उघडली. फोल्डर तिथे होता. 'परत ठेवा' दाबल्यावर एकेक नकाशा जागेवर येऊ लागला. कुणाला कळलंही नसतं, पण तसं गप्प बसली असती तर तिला आठवडाभर झोप आली नसती. ती साहेबांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे आपल्यातलं कुणीही, कधीही, काहीही पुसू शकतं?"

"हो."

"मला वाटत होतं, ते लोक बघतात सगळं."

"यंत्रं ते बघतात. किल्ल्या कुणाकडे द्यायच्या, ते आपण बघायचं."

त्या आठवड्यात दोघांनी बसून किल्ल्या वाटल्या: कोण नुसतं बघेल, कोण बदलेल, कोण काढू शकेल. काढण्याचा अधिकार तिने स्वतःकडे ठेवला नाही. पासवर्डसोबत फोनवर येणारा आकडाही सगळ्यांना सक्तीचा केला. शिवाय दर आठवड्याला एक वेगळी प्रत काढायची, जी या फोल्डरला जोडलेलीच नसेल, ते काम साहेबांनी तिला दिलं. यावेळी मात्र सांगून.

तरीही तिच्या जिवाला स्वस्थता नव्हतीच. शेवटी कंटाळून भावाने एका सुट्टीच्या दिवशी तिला स्कूटरवर बसवून गावाबाहेर नेलं. लांबलचक राखाडी इमारत, एक खिडकी नाही, छतावर ओळीने मोठाले पंखे. आत जायला परवानगी नव्हती. ती कुंपणाशी उभी राहून ती घरघर ऐकत राहिली.

"आमचे नकाशे यातच?"

"तुमचं क्लाउड आमच्याच कंपनीचं आहे, म्हणजे असतील. एक प्रत तरी."

"आणि दुसरी?"

"दुसऱ्या गावात. अशीच इमारत आहे तिथे."

"तू पाहिलीस?"

"नाही," भाऊ म्हणाला.

स्कूटरवर बसताना तिने विचारलं, "इथून किती लांब पडेल रे ते गाव?"